पिटकुळी लावताना आधी माती-पाणी, मग रोप

पिटकुळीबद्दल घाटावरच्या बागांत एकच गाऱ्हाणं सारखं कानावर येतं. नर्सरीतून आणली तेव्हा गडद हिरवी होती, लालभडक गुच्छांनी लगडलेली होती. वर्षाच्या आत पानं पिवळी पडली आणि फूल यायचं थांबलं. मग आळ्यात युरिया पडतो, शेणखत पडतं, पाणी वाढतं, आणि झाड आणखी पिवळं होत जातं. तिला खत कमी पडलेलं नसतं. तिच्या मुळांशी चुना असतो, कधी मातीतून आलेला, कधी भिंतीतून, आणि बऱ्याचदा आपणच रोज बादलीने घातलेला. चुन्यामुळे मातीतलं लोह तिला घेता येत नाही.

पिटकुळी म्हणजेच पेंटगूळ, नर्सरीतला इक्झोरा. शास्त्रीय नाव इक्झोरा कॉक्सिनिया, कॉफीच्या कुळातली. दक्षिण भारत, श्रीलंका आणि आपली कोकण-गोव्याची किनारपट्टी हे तिचं घर. जांभ्याच्या तांबड्या, आम्लधर्मी मातीत ती वाढलेली आहे. मातीचा सामू, म्हणजे पीएच (7 च्या खाली आम्ल, वर अल्क), 5 ते 6.5 असला की ती खूश असते, 7 च्या वर गेला की कुरकुरते. पुणे, सोलापूर, अहिल्यानगर, संभाजीनगर इथल्या काळ्या मातीचा सामू साधारण 7.5 ते 8.5 असतो, शिवाय तिच्यात चुनखडी असते. म्हणून रोप आणण्याआधीच निम्मं काम करावं लागतं. पुढचा क्रम मोडू नका.

## 1. माती आणि पाणी तपासा

हे काम रोप आणण्याच्या निदान दोन महिने आधी करा. पावसाळ्यात लावायची असेल तर एप्रिलमध्ये.

जिथे लावायची आहे तिथली माती दोन ठिकाणांहून घ्या, एक वरची आणि एक हातभर खोलीवरची. वाळवून चुरा आणि चमचाभर मातीवर पांढरं व्हिनेगर ओता. बुडबुडे आले, किंवा कान जवळ नेल्यावर बारीक चरचर ऐकू आली, तर मातीत मोकळा चुना आहे. काहीच झालं नाही तरी माती पास झाली असं समजू नका. व्हिनेगर सौम्य आम्ल आहे, थोडा चुना असेल तर ते गप्प राहतं. अशा वेळी एक भाग माती आणि अडीच भाग डिस्टिल्ड वॉटर असं मिश्रण ढवळून अर्धा तास ठेवा आणि वरच्या निवळीत सामूची पट्टी बुडवा. कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत माती देता आली तर उत्तमच. तिथे सामूबरोबर मुक्त चुन्याचं प्रमाणही काढून मागा.

पाण्याची तपासणी लोक सोडूनच देतात, आणि घोळ तिथेच होतो. बादलीच्या आतल्या कडेला, नळाच्या तोटीला, गीझरच्या कॉइलला पांढरं कीटण बसतं का? बसत असेल तर तेच पाणी आळ्यातही तेवढाच चुना सोडतंय. बोअरवेलच्या बाबतीत ही तक्रार जास्त. टीडीएस मीटरचा आकडा बघून ठरवू नका. तो एकूण विरघळलेले क्षार सांगतो, त्यात चुना किती हे सांगत नाही.

सावध: आरओ फिल्टरमधून बाहेर पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून ते झाडांना घालायची पद्धत घरोघरी पडली आहे. त्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार आणखी दाट झालेले असतात. फरशी पुसायला वापरा, पिटकुळीला एक तांब्याही नको.

## 2. जागा ठरवा

दिवसाचं पाच-सहा तास ऊन हवं. कोकणात, गोव्यात दिवसभराचं ऊन चालतं. विदर्भ-मराठवाड्यात सकाळचं ऊन आणि दुपारी दोननंतर सावली अशी जागा शोधा, नाहीतर एप्रिल-मे मध्ये पानांच्या कडा करपतात. पूर्ण सावलीत झाड जगतं, पानंही हिरवी राहतात, पण फुलत नाही. थंडीचाही विचार करा. रात्रीचं तापमान 10 अंशांच्या खाली जायला लागलं की पानांवर तपकिरी-जांभळट डाग येतात आणि काही पानं गळतात. नाशिक-पुण्याकडच्या उघड्या, वाऱ्याच्या जागेत हे होतंच. घराच्या आडोशाला कमी होतं.

आता सर्वांत मोठी चूक. पिटकुळी कुंपणाला शोभते म्हणून ती थेट कंपाउंडच्या भिंतीला चिकटून लावली जाते. त्या भिंतीच्या पायाशी बांधकामाचा राडारोडा पुरलेला असतो: सिमेंटचे गोळे, प्लास्टरचे तुकडे, विटांचा चुरा. प्रत्येक पावसात त्यातून चुना झिरपतो. कोकणातल्या उत्तम तांबड्या मातीतही नव्या बंगल्याच्या भिंतीलगतची रांग पिवळी आणि चार पावलांवरचं झाड हिरवंगार, असं दिसतं ते यामुळे. भिंतीपासून निदान तीन फूट अंतर ठेवा. तेवढी जागाच नसेल तर कुंडीत लावा.

## 3. जमीन, उंच वाफा की कुंडी?

पहिल्या टप्प्याच्या उत्तरावरून हे ठरतं.

माती तांबडी, सामू 6.5 च्या आत: थेट जमिनीत लावा. गंधक, आम्ल वगैरे कशाच्याही नादी लागू नका.

सामू 7 ते 7.5, व्हिनेगरला चरचर नाही: माती सुधारता येते. आळ्याच्या एका चौरस मीटरला 100 ग्रॅमच्या आसपास गंधकाची भुकटी वरच्या वीतभर मातीत मिसळा आणि ओल टिकवा. गंधकाचं आम्ल मातीतले जिवाणू करतात. त्यांना ऊब, ओल आणि सहा ते आठ आठवडे लागतात. काम एप्रिलमध्ये सुरू करायला सांगितलं ते यासाठीच. कोरड्या मातीत टाकलेलं गंधक तसंच पडून राहतं.

चुनखडीची माती: इथे गंधकाचा हट्ट सोडा. हिशोब करून बघा. दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्ड्यात साधारण 280 किलो माती मावते. तिच्यात 5 टक्के चुनखडी धरली तरी ती 14 किलो झाली. एक किलो गंधकापासून तयार होणारं आम्ल जेमतेम 3 किलो चुना संपवतं. म्हणजे एका खड्ड्याला साडेचार किलो गंधक, आणि बाजूच्या मातीतून नवा चुना येतच राहणार. असल्या जागी मूठभर भुकटी टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

मग खड्डा खणून तांबडी माती भरली तर? हाही सल्ला सर्रास मिळतो आणि तो अर्धवट आहे. चिकण काळ्या मातीत खणलेला आणि भुसभुशीत मातीने भरलेला खड्डा म्हणजे जमिनीतला हौद. पावसाळ्यात त्यात पाणी तुंबतं आणि मुळं कुजतात.

चुनखडीच्या काळ्या मातीवर दोनच पर्याय टिकतात. पहिला, उंच वाफा: तळाची जमीन फक्त भुसभुशीत करून तिच्यावर 40 ते 45 सेंटिमीटर उंचीचा, निदान एक मीटर रुंदीचा वाफा. कडेला जांभ्याचे चिरे किंवा विटा नुसत्या रचा, सिमेंटने सांधू नका. दुसरा, 14 ते 16 इंची कुंडी. फ्लॅटच्या गॅलरीत तर कुंडीच, आणि खरं सांगायचं तर घाटावर पहिलंच झाड लावणाऱ्याने कुंडीपासूनच सुरुवात करावी. मिश्रण आपल्या हातात राहतं, आणि थंडीत कुंडी उचलून आडोशाला नेता येते.

तपासा: निवडलेल्या जागी एक बादली पाणी ओता. तासाभरात जिरलं नाही तर तिथे खड्डा नको, वाफाच हवा.

## 4. मिश्रण तयार करा

वाफा आणि कुंडी दोन्हींसाठी प्रमाण असं:

- तांबडी माती 4 भाग
- पानकुजीचं खत 3 भाग
- धुतलेला कोकोपीट 2 भाग
- जाड वाळू किंवा जांभ्याची बारीक खडी 1 भाग
- कुंडीमागे दोन मुठी निंबोळी पेंड

तांबडी माती म्हणून विकत मिळणाऱ्या गोणीवर विसंबू नका. तीही व्हिनेगरने तपासा. वाळूही तपासा, कारण नदीच्या वाळूत चुनखडीचे खडे आणि शिंपल्यांचा चुरा असतो. कोकोपीटची वीट भिजवून दोन-तीन वेळा पिळून धुवा. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये मीठ असतं आणि त्याने कोवळ्या मुळांना चटका बसतो.

शेणखताचं काय, असा प्रश्न येणारच. पूर्ण कुजलेलं, थोडं चालतं. एकूण मिश्रणाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको. अर्धवट कुजलेलं, ताज्या शेणाचा वास येणारं खत तर अजिबात नको.

हे मिश्रणात टाकू नका: चुलीची राख, अंड्याची टरफलं, हाडांचा चुरा, चुन्याची निवळी. यातल्या काही गोष्टी टोमॅटोला, गुलाबाला उपकारक आहेत, म्हणून लोक सवयीने सगळीकडेच टाकतात. पिटकुळीला नेमक्या याच नडतात.

मिश्रण ओलसर करून दोन आठवडे झाकून ठेवा. मग सामू परत बघा. 6.5 च्या आत आला की रोप आणायला निघा.

## 5. रोप निवडा

नर्सरीत इक्झोरा मागितला की चार-पाच प्रकार समोर येतात: बुटके, बारीक पानांचे, पिवळे, गुलाबी, पांढरे. यातले बरेच संकर किंवा बाहेरच्या जातींचे आहेत. आपली मूळची हवी असेल तर पानाकडे बघा. पिटकुळीच्या पानाला देठ जवळजवळ नसतोच. पानाचा तळ गोलसर, किंचित हृदयाच्या आकाराचा असतो आणि थेट फांदीला बिलगलेला. फुलाच्या चार पाकळ्या टोकाला अणकुचीदार असतात. पाकळ्यांची टोकं गोल असतील आणि पान देठाकडे निमुळतं होत असेल तर ती चिनी जात. मूळची पिटकुळी उंच वाढते, सहज पाच-सहा फूट, तेव्हा बुटक्या कुंपणासाठी ती घेऊ नका.

फुलांनी भरलेलं मोठं रोप घ्यायचा मोह होतो. त्याऐवजी वीत-दीड वीत उंचीचं, बुडापासून तीन-चार फांद्या फुटलेलं, शेंड्याची नवी पानं हिरवी असलेलं रोप घ्या. शेंडा पिवळा असेल तर आजार तुम्ही विकत घेताय. पिशवीच्या तळाची भोकं बघा: जाड मुळं बाहेर येऊन जमिनीत घुसलेली असतील तर उचलताना ती तुटणार. पानाची खालची बाजू आणि फांद्यांचे सांधे बघा. पांढरा कापूस किंवा तपकिरी खवले दिसले तर ते रोप तिथेच ठेवा.

सावध: रानातून, देवराईतून किंवा सड्यावरून (जांभ्याच्या पठारावरून) रोपं उपटून आणू नका. खडकाच्या फटीत रुजलेलं झाड मुळासकट निघत नाही. ते तिथेही जातं आणि तुमच्याकडेही जगत नाही.

## 6. लावणी

घाटावर जून-जुलै. कोकणात पहिल्या झोडपणाऱ्या पावसात लावू नका. एक तर आधी मे अखेर लावून रोपाला मूळ धरू द्या, नाहीतर ऑगस्टच्या शेवटी उसंत मिळाल्यावर. ऐन थंडीत लावणी टाळा.

1. लावण्याआधी पिशवीसकट रोप बादलीभर पाण्यात बुडवा. बुडबुडे थांबेपर्यंत तसंच राहू द्या. नर्सरीच्या पिशवीतला तांबड्या मातीचा गोळा बऱ्याचदा विटेसारखा घट्ट असतो. तो कोरडाच जमिनीत गेला तर भोवतीची माती भिजते आणि गोळा आतून कोरडाच राहतो. पाणी देऊनही रोप मान टाकतं ते यामुळे.
2. पिशवी ब्लेडने उभी कापा. रोप खोडाला धरून ओढू नका.
3. गोळ्याच्या कडेने बोटांनी माती हलकेच सैल करा. मुळं गोल गोल फिरलेली असतील तर तीन-चार ठिकाणी उभी चीर द्या.
4. गोळ्याची वरची पातळी वाफ्याच्या पातळीपेक्षा दोन बोटं वर राहील असं बसवा. मिश्रण पुढे खाली बसतं. खोड मातीत गाडलं गेलं की बुंध्याशी कूज लागते.
5. भोवती मिश्रण भरा, हाताने दाबा. पायाने तुडवू नका.
6. सावकाश, दोन वेळा पाणी द्या.
7. बुंध्यापासून चार बोटं मोकळी सोडून दोन-तीन इंच जाडीचा वाळक्या पानांचा थर पसरा. उन्हाळ्यात हाच थर झाड वाचवतो, म्हणून झाडलोट करताना तो उचलून जाळू नका.

दोन झाडांत अडीच-तीन फूट अंतर ठेवा. आता आलेले गुच्छ खुडून टाका. जीव कासावीस होतो, पण या दोन महिन्यांत रोपाने मुळं वाढवायला हवीत.

## 7. पहिल्या वर्षाचं पाणी

रोज थोडं थोडं शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी भरपूर द्या. नेम असा: पानांचा थर बाजूला करून बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर आज पाणी नाही. कुंडीला उन्हाळ्यात रोज लागेल, पावसाळ्यात आठ आठ दिवस लागणार नाही. कुंडीखालच्या बशीत साठलेलं पाणी लगेच ओता.

पाणी कुठलं द्यायचं, हा खरा प्रश्न. पावसाचं सर्वांत उत्तम. गच्चीचं पाणी पन्हळीतून एखाद्या झाकणाच्या पिंपात घ्या. पहिल्या एक-दोन पावसांचं जाऊ द्या, त्यात गच्चीची धूळ आणि सिमेंट असतं. 200 लिटरचं एक पिंप दोन कुंड्यांना बरेच दिवस पुरतं. महापालिकेचं धरणाचं पाणी बहुतेक शहरांत बोअरवेलपेक्षा सौम्य असतं. दोन्ही येत असतील तर पिटकुळीसाठी नळाचं राखून ठेवा.

बोअरवेलशिवाय पर्यायच नसेल तर 10 लिटरच्या बादलीत 2 ग्रॅम लिंबूसत्व (सायट्रिक अ‍ॅसिड) विरघळवा, ढवळा, आणि सामूची पट्टी 6 ते 6.5 दाखवते का बघा. पाण्यात चुना जास्त असेल तर चिमूट-चिमूट वाढवत जा. हे तात्पुरतं आहे; मातीतले जिवाणू लिंबूसत्व खाऊन टाकतात आणि चुना मागे उरतोच. म्हणून पावसाळ्यात कुंडीवर पावसाचं पाणी थेट पडू द्या. चार महिन्यांत वर्षभराचं कीटण बरंचसं धुऊन निघतं.

## 8. खत

पानकुजीचं खत किंवा गांडूळखत दर तीन महिन्यांनी कुंडीला दोन मुठी, जमिनीतल्या झाडाला अर्धं घमेलं. घाटावरच्या झाडाला यासोबत अमोनियम सल्फेट द्या, कारण ते माती आम्लाकडे नेतं. महिन्याला झाडामागे 10 ग्रॅम, पाण्यात विरघळवून, ओल्या मातीत. फेब्रुवारी-मार्च आणि जून ते सप्टेंबर. छोट्या कुंडीला निम्मं. कोरडे दाणे वर फेकू नका, चुन्याच्या मातीवर त्यातला नत्र वायू होऊन उडून जातो. कोकणातल्या तांबड्या मातीत मात्र अमोनियम सल्फेट वर्षानुवर्षं देऊ नका. तिथे माती आधीच आम्लधर्मी आहे.

डीएपी आणि सुपर फॉस्फेट फुलांसाठी म्हणून सुचवलं जातं. पिटकुळीला त्याची एवढी गरज नाही, आणि मातीत त्यातला स्फुरद (फॉस्फरस) साचला की झाडाला लोह मिळणं आणखी अवघड होतं.

## 9. पान पिवळं झालं तर आधी कुठलं ते बघा

हा टप्पा घाईने वाचू नका. औषधाच्या दुकानात जाण्याआधी झाडासमोर बसा आणि एक शेंडा हातात घ्या.

सर्वांत वरची, नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या: लोह मिळत नाही. घाटावर जवळपास नेहमी हेच. नवं पान लिंबासारखं पिवळं दिसतं आणि त्यावर हिरव्या शिरांची जाळी स्पष्ट उमटते. पुढे पान पांढुरकं होतं आणि कडेने जळतं.

खालची, जुनी पानं सगळीच एकसारखी पिवळी: नत्र कमी आहे, किंवा मुळांशी पाणी तुंबलंय. बोट घालून ओल बघा, मगच खताचा विचार करा.

जुन्या पानांवर तपकिरी-जांभळट ठिपके: पालाश (पोटॅश) कमी, किंवा नुकतीच पडलेली थंडी.

अधूनमधून एखादं जुनं पान पिवळं होऊन गळणं: काही करू नका. सदाहरित झाडही पानं बदलतं, फक्त एकदम नाही.

लोहाची कमतरता ठरली तर दोन कामं एकत्र करा.

पहिलं, फवारणी. एक लिटर पाण्यात आधी 1 ग्रॅम लिंबूसत्व, मग 5 ग्रॅम हिराकस. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. खडे फिक्या हिरव्या रंगाचे हवेत. तपकिरी, गंजलेली भुकटी झाली असेल तर ते निकामी, दुकानदाराला परत द्या. द्रावण केल्या केल्या वापरा, शिळं ठेवू नका. संध्याकाळी, पानांच्या दोन्ही बाजूंनी, दहा-दहा दिवसांनी तीन वेळा फवारा. पहिल्या वेळी दोन-तीन पानांवरच मारून दोन दिवस थांबा, पानं करपली नाहीत तरच सगळ्या झाडावर. फरशीवर थेंब पडू देऊ नका, गंजाचे डाग निघत नाहीत.

दुसरं, मुळाशी चिलेटेड लोह, म्हणजे मातीत विरघळलेलंच राहावं म्हणून दुसऱ्या रसायनात धरून ठेवलेलं लोह. इथे पाकिटावरची अक्षरं वाचणं फार महत्त्वाचं. ईडीटीए प्रकारचं चिलेट सामू साडेसहापर्यंतच धरतं; काळ्या मातीत ते वाया जातं, आणि दुकानात सहसा तेच मिळतं. चुन्याच्या मातीला ईडीडीएचए प्रकारचं घ्या. ते महाग आहे, पाण्यात गडद लाल होतं आणि सामू 9 पर्यंत टिकतं. मोठ्या झाडाला 5 ग्रॅम, कुंडीला 2 ग्रॅम, पाण्यात मिसळून संध्याकाळी आळ्यात ओता आणि वरून साधं पाणी द्या.

हिराकसची भुकटी थेट चुन्याच्या मातीत टाकून उपयोग नाही. थोड्याच दिवसांत तिचा गंज होतो. आळ्यात गंजके खिळे पुरण्याचंही तेच. मातीत लोखंड मुबलक आहे, मुळांना ते विरघळलेल्या रूपात मिळत नाही एवढीच अडचण आहे.

तपासा: तीन आठवड्यांनी फक्त नव्या फुटीकडे बघा. ती हिरवी आली तर उपाय लागू पडला. जुनी पांढुरकी झालेली पानं पुरती हिरवी होत नाहीत, त्यांच्यासाठी आणखी फवारे मारू नका. आणि पाणी तेच राहिलं तर तीन-चार महिन्यांत पिवळेपणा परत येणार, हे धरून चाला.

## 10. छाटणी

पिटकुळीचा गुच्छ नव्या फुटीच्या टोकाला येतो. एवढं लक्षात ठेवलं की छाटणीच्या सगळ्या चुका टळतात. माळी दर पंधरा दिवसांनी कात्रीने कुंपण सपाट करतो आणि प्रत्येक वेळी तयार होत आलेल्या कळ्या कापतो. छाटल्यापासून फूल यायला साधारण दोन ते अडीच महिने लागतात; त्याआधी परत कात्री लागली तर फुलणार कधी?

पहिल्या वर्षी फक्त शेंडे खुडा. प्रत्येक फांदी वीतभर झाली की टोकाची दोन पानं चिमटीने काढा, खालून दोन फांद्या फुटतात. पुढे, गुच्छ सुकला की त्याखालच्या पहिल्या भरदार पानांच्या जोडीवर कापा. मोठी छाटणी वर्षातून एकदा, फेब्रुवारी अखेर किंवा पावसाच्या तोंडावर, आणि एका वेळी तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नाही. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये छाटलं तर कोवळी फूट थंडीत सापडते. काही गुच्छ मुद्दाम ठेवा. त्यांची फळं आधी लाल, मग काळसर जांभळी होतात. ती गोडसर लागतात, कोकणातली पोरं खातात आणि बुलबुलही.

## 11. कीड

पिठ्या ढेकूण, खवले कीड आणि मावा हे नेहमीचे. मुंग्यांची रांग खोडावर चढताना दिसली की पानं उलटून बघा. पानांवर काळी काजळी धरली असेल तर ती किडीच्या चिकट गोड स्रावावर वाढलेली बुरशी. कीड गेली की तीही जाते. थोडी कीड असेल तर जुन्या टूथब्रशने आणि साबणाच्या पाण्याने काढा. जास्त असेल तर लिटरला 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा मऊ साबण, आठ-आठ दिवसांनी तीनदा. खतपाणी नीट असूनही झाड खुरटत असेल तर एक मूळ उकरून बघा. गाठी दिसल्या तर सूत्रकृमी (मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत), तिथे निंबोळी पेंड वाढवा आणि ती माती दुसऱ्या कुंडीत नेऊ नका.

इमिडाक्लोप्रिडसारखं अंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारं कीटकनाशक पिटकुळीच्या मुळाशी ओतू नका. ते फुलातल्या मधापर्यंत पोचतं. पिटकुळीच्या लांब नळीतला मध प्यायला फुलपाखरं येतात, आपलं राज्य फुलपाखरू असलेलं नीलवंत येतं, शिंजीर येतात. ती विषारी करून ठेवलेली पिटकुळी नसलेली बरी.

## 12. एकाची अनेक करा

तुमच्या पाण्यावर एखादं झाड चांगलं रुळलं, की पुढची रोपं विकत घेण्यापेक्षा त्याच झाडाच्या फाट्यांपासून (फांदीच्या तुकड्यांपासून) करा. जुलै-ऑगस्टमध्ये यंदाची, पण हिरवेपणा सरून तपकिरी व्हायला लागलेली, पेन्सिलीपेक्षा बारीक फांदी निवडा. फुलणाऱ्या फांद्या नकोत. वीतभरापेक्षा थोडा कमी तुकडा, पेराच्या अगदी खाली तिरका छेद. वरची दोन पानं ठेवा आणि तीही निम्मी कापा. खालचं टोक रूटिंग पावडरीत बुडवून, जादा पावडर झटकून, निम्मा कोकोपीट आणि निम्मी जाड वाळू भरलेल्या पिशवीत खोचा. वरून पारदर्शक पिशवी उपडी घाला, सावलीत ठेवा.

फाटा ओढून मुळं फुटली का बघायची सवय लावून घेऊ नका. प्रत्येक ओढीला कोवळी मुळं तुटतात. सहा ते आठ आठवड्यांत नवी फूट दिसली की पिशवीचं झाकण रोज थोडा वेळ काढायला लागा, आणि दहा दिवसांनी कायमचं. पाच फाट्यांतले दोन जगले तरी हिरमुसू नका, तेवढं होतंच. अशी रोपं पुढच्या जूनपर्यंत लावायला तयार होतात. तोपर्यंत त्यांनाही पाणी पावसाचंच द्या.